भुलीआधीचे ध्यान

रामरक्षेची सुरुवात ध्यानाने होते. धनुष्यबाण घेतलेला, पद्मासनात बसलेला, पिवळे वस्त्र नेसलेला राम आधी डोळ्यांपुढे आणायचा. मग कवच येते: डोके, कपाळ, डोळे, कान, नाक, जीभ, कंठ, खांदे असे उतरत पावलांपर्यंत एकेक अवयव रामाच्या स्वाधीन केला जातो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला शिकवले जाणारे शिथिलीकरण आणि कल्पनाचित्रण याच दोन पायऱ्यांनी चालते. मनापुढे शांत चित्र ठेवायचे आणि शरीराचा एकेक भाग सैल सोडत जायचा.

छत्तीसगडमधल्या रायपूरच्या पुरानी बस्तीत रामरक्षेसारख्या पाठाचे संस्कार जुने आहेत. जैतुसाव मठ आणि जवळचा दूधाधारी मठ ही रामभक्तीची ठाणी. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले. भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडशी मराठी माणसांचा संबंध दृढ झाला. तुलसीरामायण आणि रामरक्षा या मुलखात शेजारी नांदल्या.

शस्त्रक्रियेच्या वेदनेवर मनाच्या वाटेने जाण्याचा भारतातला गाजलेला प्रयोग १८४५ चा. हुगळीत जेम्स एस्डेल या डॉक्टराने रुग्णांवर तासन्‌तास हात फिरवून त्यांना गुंगीत नेले आणि मोठमोठ्या गाठी काढल्या. १८४६ मध्ये कलकत्त्यात त्यासाठी एक छोटे रुग्णालयही त्याला मिळाले. पण त्याच वर्षी बोस्टनमध्ये ईथर यशस्वी ठरले, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आले, आणि काही मिनिटांत हमखास येणाऱ्या भुलीपुढे एस्डेलची पद्धत मागे पडली. तसे होणे रास्तच होते. मात्र वेदनेबरोबर रुग्णाची भीतीही संपली, असे धरून चालणे चुकीचे होते.

ती चूक बोस्टनमध्येच दाखवली गेली. १९६४ मध्ये एग्बर्ट या भूलतज्ज्ञाने पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या काहींना आदल्या रात्रीच सांगितले होते, की दुखणार कुठे आणि किती दिवस. टाक्यांभोवतीचे स्नायू आवळले की दुखणे वाढते, तेव्हा पोट सैल सोडा, संथ श्वास घ्या, कुशीवर वळताना पोटाऐवजी हातापायांचा जोर लावा. या रुग्णांना वेदनाशामके जवळपास निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले.

महाराष्ट्रात शिथिलीकरणाचा असाच अभ्यास शवासनावर झाला. शवासनाने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते, हे हठप्रदीपिकेत पूर्वीच आले आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी १९६९ मध्ये रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरचा शवासनाचा अभ्यास मांडला. अनेकांचा रक्तदाब उतरला, औषधे कमी करता आली. हे काम शस्त्रक्रियेचे नव्हे, पण निश्चल पडून श्वासावर लक्ष ठेवल्याने शरीरात मोजता येण्याजोगा बदल होतो, हे त्यातून दिसले. २००८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. योग करणाऱ्यांचे टाके लवकर निघाले आणि रुग्णालयातला मुक्कामही घटला.

यातले काहीही भुलीची जागा घेत नाही. एग्बर्टच्या रुग्णांना लाभ झाला तो भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी शेजारी बसून दिलेल्या वेळेमुळे. तो वेळ रुग्णाने आणि घरच्यांनी आवर्जून मागून घ्यावा.