चौकोनी डबा, गोल जागा

चंद्रप्रवासाचा इतिहास शिकवताना मी वर्गात आर्मस्ट्राँगच्या आधी अपोलो १३ सांगते. एप्रिल १९७०. पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरवर मुख्य यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली. अंतराळवीर लव्हेल, स्वायगर्ट आणि हेज चंद्रावर उतरण्यासाठीच्या, दोघांसाठी बांधलेल्या चांद्रयानाच्या आसऱ्याला आले. तिथे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचू लागला. तो शोषणारे मुख्य यानातले डबे चौकोनी, चांद्रयानातली जागा गोल! ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातल्या अभियंत्यांनी यानातल्याच वस्तूंतून जोड शोधला: प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेचा पुठ्ठा, स्पेससूटची नळी, चिकटपट्टी. सगळी कृती रेडिओवरून सांगितली. हवा शुद्ध झाली. चंद्राला वळसा घालून तिघे १७ एप्रिलला प्रशांत महासागरात सुखरूप उतरले. चंद्रावर पाऊल न ठेवताही हीच मोहीम मला सर्वांत मोठी वाटते. गेलेली माणसं घरी परत आणणं, हा प्रवासाचा पहिला धर्म आहे.