अर्धा टन म्हणजे नेमका किती? पिकअपच्या पाठीवरच्या घराची गोष्ट

आजची नोंद शेताबाहेरची आहे, पण वजनाची आहे, म्हणजे आपलीच.

दोन वर्षांपूर्वी कांदा घेऊन जाताना माझ्या पिकअपचा मागचा पाटा तुटला. मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं आणि एवढंच विचारलं, "पासिंग किती, आणि भरलंय किती?" दोन्हींतला एकही आकडा मला धड सांगता आला नाही. "मावलं तेवढं भरलं," म्हणालो. तो हसला नाही, हेच जास्त लागलं. तेव्हापासून गाडी आणि वजन हा विषय डोक्यात घर करून बसलाय.

मागच्या महिन्यात कोलोरॅडोतल्या मावसभावाचा फोन आला. तिकडे पिकअपच्या हौद्यात एक अख्खी खोलीच चढवतात. त्यात बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, मोठ्यांत तर संडाससुद्धा. त्याला ट्रक कॅम्पर म्हणतात. सुट्टी संपली की खोली उतरवून ठेवायची, गाडी पुन्हा मोकळी. "दादा, विकणारा म्हणतोय अर्ध्या टनाच्या गाडीला हा बसतो." मी विचारलं, "मापात बसतो का वजनात?" तो गप्प. गाडीत बायको, दोन पोरं, आणि रस्ता डोंगराच्या उताराचा. म्हटलं थांब, जरा वाचून सांगतो.

वाचायला लागलो आणि पहिला धक्का 'अर्धा टन' या शब्दावरच बसला. अमेरिकेचा टन 2000 पौंडांचा, म्हणजे 907 किलोचा. अर्धा टन म्हणजे साधारण साडेचारशे किलो. सुरुवातीला हे नाव खरंच वजनावरून होतं. फोर्डनं 1917 मध्ये मॉडेल टी मोटारीची चौकट मजबूत करून मॉडेल टीटी काढली, ती एक टनाची. शेवरलेनं 1918 मध्ये अर्ध्या टनाची आणि एक टनाची अशा दोन काढल्या. घेणाऱ्याला नावातच उत्तर मिळायचं. 1925 मध्ये फोर्डनं कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल टी 281 डॉलरला विकायला आणली. तिचा मोठा गिऱ्हाईक शेतकरीच. 1948 मध्ये एफ मालिका आली तेव्हाही एफ-1 म्हणजे अर्धा टन, एफ-2 म्हणजे पाऊण टन असा हिशोब होता.

पुढे पाटे, टायर, इंजिनं सुधारली, गाड्या जास्त ओझं पेलायला लागल्या, पण नावं तीच राहिली. आज 'अर्ध्या टनाची' म्हणवणारी बरीच वाहनं सातशे-आठशे किलो सहज घेतात. त्याच नावाच्या दुसऱ्या गाडीत चार दरवाजे, मोठी काच, जाड गाद्या आल्या की तीच क्षमता खाली येते. आपल्याकडे नाही का, शेतालाच 'पाच एकराची पट्टी' नाव पडतं आणि वाटण्या होऊन तिथं दीड एकर उरतं, तसं.

कॅम्परचं वेड वाढलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध कॅम्पर लेखक जॉन स्टाइनबेकचा. 1960 मध्ये तो चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देश बघायला निघाला. त्यानं गाडी घेतली जीएमसीची, पाऊण टनाची, अर्ध्या टनाची नाही. एवढं शहाणपण दाखवलं आणि मग दीडशे पौंड, म्हणजे 68 किलो, नुसती पुस्तकंच भरली! ओरेगॉनमध्ये पावसात टायर फुटला तेव्हाची त्याची धांदल 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' या पुस्तकात आहे. ती गाडी आजही कॅलिफोर्नियात सलिनास गावच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

गाडीवाल्यांनीही ही हौस ओळखली. फोर्डनं 1965 मध्ये एफ-250 ला 'कॅम्पर स्पेशल' नावाचं पॅकेज दिलं, त्यात जड पाटे आणि इतर मजबुती. पण मला सगळ्यात आवडली ती 1973 ची एफ-350 'सुपर कॅम्पर स्पेशल'. हिच्यात नुसते पाटे वाढवले नाहीत, मागचा आसच मागे सरकवला. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 140 इंच केलं. का? हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. भार आसाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पिकअपचंही तेच. समजा दोन आसांत तीन मीटर अंतर आहे आणि हजार किलोच्या खोलीचा मध्यभार मागच्या आसाच्या एक फूट, म्हणजे तीस सेंटिमीटर, मागे पडला. मग मागच्या आसावर हजार नाही, अकराशे किलो येतात आणि पुढची चाकं शंभर किलोनं हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांना असतं! एकूण वजन मर्यादेत असूनही वळणावर गाडी ऐकत नाही ती अशी.

त्याच वर्षी सरकारही जागं झालं. 1973 पासून कॅम्पर बनवणाऱ्याला त्यावर वजनाची पट्टी लावणं सक्तीचं झालं. आणि वजन कसलं, तर रिकाम्या डब्याचं नाही. टाकीत इतकं गॅलन पाणी, इतका गॅस, फ्रिज किंवा बर्फाची पेटी, हे सगळं धरून. गाडीवाल्यानं सांगायचं की हौद्यात एकूण किती वजन चालेल आणि त्याचा मध्यभार कुठून कुठपर्यंत असावा. दोन वेगळ्या कारखान्यांची दोन वेगळी वजनं पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर शेजारी शेजारी आली. मला हा या सगळ्या इतिहासातला खरा टप्पा वाटतो.

अर्थात आकडा लिहिला म्हणजे तो ओझ्यासाठीच असतो असं नाही. 1975 मध्ये फोर्डनं एफ-150 काढली, कारण भरलेलं वजन 6000 पौंडांच्या वर दाखवलं की धुराच्या कडक नियमातून सुटका होती. कागदासाठी वजन वाढवायची कला फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.

तर मावसभावाला म्हटलं, गाडीच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाच. माणसं आणि सामान मिळून 1480 पौंड, म्हणजे 671 किलो. कॅम्परचं माहितीपत्रक रिकामं वजन सांगत होतं 1150 पौंड, म्हणजे 522 किलो. उरले 149. वीस गॅलन पाणी म्हणजे 76 किलो. उरले 73. आणि घरची चार माणसं मिळून 210 किलो! म्हणजे गॅस, बॅटरी, भांडी, अंथरूण काहीच न धरता 137 किलो जास्त. विकणारा खोटं बोलला नव्हता म्हणा, माप बसतच होतं.

त्यानं तो कॅम्पर घेतला नाही. कापडी छताचा हलका बघतोय. बायकोला संडास असलेला पाहिजे, त्यासाठी पाऊण नाहीतर एक टनाची गाडी लागेल, म्हणून घरात बोलणी चालू आहेत.

मीही आरसी काढून बसलो. भरलेल्या वजनातून खाली वजन वजा केलं तर 1300 किलो. मी आणि दोन हमाल मिळून 200. उरले 1100, म्हणजे पन्नास किलोच्या 22 गोण्या. पाटा तुटला त्या दिवशी 34 होत्या. आता मागच्या फाळक्याला आतून ऑइलपेंटनं 22 लिहून ठेवलंय. परवा एक हमाल विचारत होता, "मालक, हा गाडीचा नंबर आहे का?"