दम्याच्या श्वासाला आडवाट

सोलापूरच्या सात रस्त्यावर एक वाट अडली, तर वाहनास दुसऱ्या वाटेने वळसा घेता येतो. फुफ्फुसातील हवेला अशी सोय फारशी नाही. दम्याच्या तीव्र झटक्यात बारीक श्वासनलिका आवळतात, चिकट कफाने बुजतात. हवा आत शिरते, पण बाहेर पडत नाही. तमक श्वासाचा रोगी निजला की कासावीस होतो व उठून बसला की त्यास बरे वाटते, हे चरकसंहितेने फार पूर्वी टिपून ठेवले आहे. बसूनही भागले नाही तर काय करावयाचे, याचे उत्तर मात्र विसाव्या शतकात, आणि तेही भलत्याच रोगाच्या पाठलागात सापडले.

१९३०-३१ च्या सुमारास बॉस्टन येथे जॉन गिबन हा तरुण शल्यवैद्य, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या एका बाईच्या उशाशी रात्रभर बसून होता. तिचे काळवंडलेले रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत सोडता आले तर! बाई वाचली नाही, कल्पना मात्र राहिली. ६ मे १९५३ रोजी गिबनने आपल्या यंत्राच्या आधाराने एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्या यंत्रात रक्ताचा वायूशी उघडा संपर्क येई व काही तासांतच रक्त बिघडे. मध्ये पातळ पडदा घालण्याची युक्ती निघाल्यावर ते दिवसच्या दिवस चालू लागले. तथापि १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, यंत्रावर असोत वा नसोत, ९० रोग्यांपैकी दहांत नऊ दगावले. पुष्कळ डॉक्टरांनी त्याकडे पाठ फिरवली, यात नवल नाही.

दम्याच्या बाबतीत मात्र यंत्राने आपली लाज राखली. १९८१ साली अशा एका रोग्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कारण उघड आहे. त्या चाचणीतील रोग्यांचे फुफ्फुसच नासलेले होते. दम्यात ते बहुधा धड असते, वाट तेवढी बंद असते. अडचण मुख्यतः साचलेल्या कार्बनवायूची. श्वसनयंत्राने आणखी हवा कोंडावी, तर फुफ्फुस फुटण्याचे भय. म्हणून मांडीच्या वा मानेच्या शिरेतून रक्त आणून पडद्यावरून नेतात; तेथे तो वायू निघून जातो, छातीला विसावा मिळतो आणि औषधांना आपले काम करावयास काही दिवस लाभतात. १९९२ ते २०१६ या काळातील जगभरच्या नोंदीत अशा २७२ प्रौढ रोग्यांपैकी शेकडा ८३ हून अधिक रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले. रक्त गोठू नये म्हणून द्यावयाच्या औषधाने होणारा रक्तस्राव हे या उपायाचे मोठे संकट होय.

करोनाच्या साथीत 'एक्मो' हे त्याचे नाव घरोघर पोचले. पण अशी सोय मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांतच असते, आणि सोलापूरहून पुणे सुमारे २५० किलोमीटर. धाप लागलेल्या रोग्याला एवढी वाट सोसणे कठीण. यंत्र व माणसे रोग्याकडे नेऊन, तेथेच त्यास जोडून, मग मोठ्या रुग्णालयात आणावयाची पद्धत इंग्लंडात रूढ आहे.