चित्रपटाच्या कडेचा कागद

प्रत्येक चित्रपट आपल्याबरोबर दोन तऱ्हेचा पसारा घेऊन येतो. पहिला प्रेक्षकाला बोलावण्यासाठी काढलेला असतो: हँडबिल, पोस्टर, शोकार्ड, गाण्यांची चोपडी, वर्तमानपत्रांना धाडलेले स्टिल. दुसरा कोणाला दाखवायचा नसतोच: पटकथेचे कच्चे खर्डे, नेपथ्याचे आराखडे, वेशभूषेची रेखाटने, चित्रीकरणाची टाचणे. खेळ उतरला की पहिला रद्दीत जातो आणि चित्रीकरण आटोपले की दुसरा अडगळीत. दोन्ही टाकाऊ, म्हणूनच दुर्मीळ. आणि ते जमवण्याचा छंद चित्रपटाइतकाच जुना नसला, तरी त्याच्या पाठोपाठच आलेला आहे.

अशा कागदाचे मोल काय, हे काशीच्या पंचगंगा घाटावर चांगले कळते. घाटाशी मराठी माणसांचे नाते जुने. वरच्या बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. कार्तिकात उजळणारी दगडी दीपमाळ अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखली जाते. शेजारच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. पण घाटाचे जुने रूप आज डोळ्यांना दिसत नाही. वरच्या आलमगीर मशिदीचे दोन उंच मिनार, लोकांच्या तोंडी ‘माधवराय का धरहरा’, ही एके काळी साऱ्या नदीकाठाची खूण होती. १९४८ साली एक मिनार कोसळला आणि पुढे दुसराही उतरवण्यात आला. ते जुने रूप पाहायचे तर जेम्स प्रिन्सेपच्या १८३० च्या दशकातल्या शिळाछापांकडे किंवा एकोणिसाव्या शतकातल्या परदेशी छायाचित्रकारांच्या प्रतींकडे वळावे लागते. प्रवाशांना विकण्यासाठी आणि संग्राहकांना भुलवण्यासाठी काढलेली ही चित्रे आता वास्तूचा पुरावा झाली आहेत.

याच नदीकाठाने चित्रपटाच्या इतिहासकारांनाही एक धडा दिला. १८९९ साली लंडनच्या वॉरविक ट्रेडिंग कंपनीने ‘पॅनोरामा ऑफ कलकत्ता’ नावाची छोटी फीत बाजारात आणली. होडीतून काठ टिपत जाणारी ही फीत भारतात चित्रित झालेल्या आणि आजवर टिकलेल्या सर्वांत जुन्या फितींपैकी एक मानतात. नाव कलकत्त्याचे असले, तरी पडद्यावर सरकतात ते काशीचे घाट. विकणाऱ्याने चिकटवलेले नाव फितीबरोबर शतकभर फिरत राहिले. प्रसिद्धीचा कागद पुरावा असतो खरा, पण तो विक्रेत्याच्या तोंडचा पुरावा आहे, एवढे भान संग्राहकाला ठेवावे लागते.

मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे हलते चित्र दाखवले गेले, तेव्हा त्याची जाहिरात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली होती. तो खेळ पाहिलेली पिढी केव्हाच गेली. जाहिरात मात्र वर्तमानपत्राच्या जुन्या अंकात राहिली. कडेच्या कागदाची भारतातली पहिली नोंद घ्यायची तर ती इथून घ्यावी.

मराठी मुलखात मात्र हा कागद कोणी व्यवहार म्हणून नव्हे तर कसब म्हणून हाताळला असेल, तर तो दादासाहेब फाळके यांनी. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी छायाचित्रण केले होते, रविवर्मा छापखान्यासाठी काम केले होते आणि स्वतःचा छापखानाही चालवला होता. छापील चित्र लोकांच्या मनात कसे उतरते हे त्यांना ठाऊक होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सुरतेत प्रेक्षक फिरकेनात, तेव्हा त्यांनी कलाकृतीचे गुण गाण्याऐवजी मालाचे माप सांगितले अशी आठवण सांगतात: तीन आण्यांत सत्तावन हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र. नाटकवाले आपल्या खेळाचे तास मोजून दाखवत, फाळक्यांनी फूट मोजून दाखवले.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पडद्यामागचे दाखवण्यासारखे असते, हे त्यांनी ओळखले. १९१७ च्या सुमारास त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढला. त्याचा जो भाग उरला आहे त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. आज ज्याला ‘मेकिंग’ म्हणतात त्याचा हा मराठी पूर्वज. त्याच काळात ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. परदेशातून यंत्रे कशी आणली, पैसा कसा उभा केला, कामाला माणसे कशी मिळवली, हे सारे त्यांच्याच शब्दांत त्यात आहे. चित्रपट बहुतांश नष्ट झाले, लेख राहिले. फाळक्यांविषयी आज जे खात्रीने सांगता येते त्यातला मोठा वाटा फितीतून नव्हे, या लेखांतून येतो.

या कथेत काशी पुन्हा येते. आपल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतल्या भागीदारांशी न पटल्यामुळे १९१९ साली फाळके राजीनामा देऊन कुटुंबासह काशीला गेले. तिथे किर्लोस्कर नाटक मंडळीच्या खेळांनी त्यांना नाटकाकडे ओढले आणि ‘रंगभूमी’ हे सात अंकी, दोन रात्री चालणारे नाटक त्यांनी लिहिले. ‘संदेश’ पत्राचे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी परत येण्याची गळ घातली, तेव्हा चित्रपटापुरते आपण मेलो आहोत असे त्यांनी कळवले. कोल्हटकरांनी ते पत्र फाळके वारल्याच्या मथळ्याखाली छापून खळबळ उडवली आणि पुढे फाळके नाशिकला परतले. प्रसिद्धीचा साधा कागद माणसाच्या आयुष्याला वळण देतो तो असा.

पोस्टरची कुळी कोल्हापूरची. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत चित्रपटाकडे आले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘वत्सलाहरण’साठी १९२३ साली त्यांनी काढलेले पोस्टर भारतातल्या पहिल्या पोस्टरांत गणले जाते, १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर तर आजही पाहायला मिळते. चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढण्याचे श्रेयही त्यांना देतात. नाटकाच्या पडद्यावर हात बसलेला माणूस पोस्टरवर आला, त्यामुळे मराठी पोस्टरातली माणसे आरंभापासून मोठी, भरीव आणि प्रकाशात उभी राहिलेली दिसतात. पुढे याच कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांची आणि ‘मुघल-ए-आझम’ची पोस्टरे रंगवली. याला घराणे म्हणायला हरकत नसावी.

१९३१ साली भारतात चित्रपट बोलू लागला आणि लगेच गाऊही लागला. गाण्यांचे शब्द घरी न्यायची हौस त्यातून निघाली आणि चोपडीने बाळसे धरले. कथासार, नामावली आणि गाण्यांचे शब्द, बरेचदा देवनागरीबरोबर उर्दू किंवा गुजरातीतही. आतल्या पानांवर एखाद्या साबणाची किंवा औषधाची जाहिरात असे. चित्रगृहाच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळणारी ही चोपडी घरोघरी गाण्याच्या वहीत ठेवली गेली आणि बऱ्याच चोपड्या वाचल्या त्या त्यामुळेच. चित्रपटाचा चाहता आपल्या नकळत संग्राहक होतो, त्याची ही भारतातली सर्वांत मोठी घटना म्हणावी लागेल. १९३५ पासून बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाने रंगीत जाहिरातींची भर घातली.

पहिल्याच बोलपटाचे उदाहरण बोलके आहे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या फितींना २००३ साली लागलेल्या आगीत शेवटची प्रत जळाली अशी एक लोकप्रिय समजूत आहे. ती चूक आहे. ती प्रत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे कधी आलीच नव्हती, असे संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर सांगत. आर्देशिर इराणी यांच्या घरचे उरलेले रीळ चांदी काढण्यासाठी मोडीत गेले होते. नायट्रेट फितीवरच्या थरातली चांदी विकता येई. कागदातून काही निघत नसे, त्यामुळे तो सुटला. म्हणून ‘आलम आरा’ आज केवळ स्टिल, चोपडी आणि जाहिरातींतून जाणता येतो.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात स्थापन झाले. नायर १९६५ मध्ये तिथे आले आणि १९९१ मध्ये निवृत्त झाले. रिळांबरोबर पोस्टर, स्टिल, चोपड्या आणि पटकथाही त्यांनी तितक्याच हौसेने जमवल्या. कारण उघड आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे हाती आहे, आणि तेही १९१३ चे की १९१७ च्या पुनर्निर्मितीचे, यावर अभ्यासकांत दुमत आहे. अशा वादात टेकू शोधायचा तर तो फितीबाहेरच शोधावा लागतो.

चित्रीकरणाचे कागद मागे राहिले की पाहणाऱ्याचा डोळाही बदलतो. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) मधले घाट प्रत्यक्ष काशीत टिपले. चित्रपटातल्या हरिहरच्या घराचा अंगणवजा चौक मात्र कलकत्त्याच्या स्टुडिओत बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेला सेट होता. वर कापड ताणून त्यावरून दिव्यांचा प्रकाश उसळवत सुब्रत मित्र यांनी चौकात वरून झरणारा दिवसाचा उजेड आणला. पडद्यावर ही लबाडी ओळखू येत नाही. ती कळते ती निर्मितीतल्या माणसांच्या लिखाणातून. राय यांची काशीतल्या चित्रीकरणाची रोजनिशी तर छापूनही आली आहे.

व्हिडिओ गेमवरचे चित्रपट या परंपरेत उशिरा आले, पण त्यांनी तिला नवीन जमात दिली. गेमच्या चाहत्याला मुळातच शोधायची, पूर्ण संच करायची आणि दडलेले उकरून काढायची सवय असते. चित्रपट आला की ती सवय कागदाकडे वळते. याचा मूळ नमुना म्हणजे १९९३ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, एका व्हिडिओ गेमवरून मोठ्या पडद्यासाठी हॉलिवूडने काढलेला पहिला चित्रपट. रॉकी मॉर्टन आणि अ‍ॅनाबेल जँकल यांनी तो दिग्दर्शित केला. बॉब हॉस्किन्स आणि जॉन लेग्विझामो दोन भाऊ झाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनजवळच्या बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यात सेट उभारले होते. ‘ब्लेड रनर’वर काम केलेले डेव्हिड स्नायडर यांनी त्यांची रचना केली. सुमारे ४८ दशलक्ष डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाचा निम्मा खर्चही अमेरिकेत वसूल झाला नाही. पटकथा इतक्यांदा बदलली की चित्रीकरणादरम्यानही खर्डे येत राहिले.

अपयशी चित्रपटाचा कागद विशेष जिवापाड जमवला जातो, हे चमत्कारिक वाटले तरी खरे आहे. यशस्वी चित्रपट स्वतःच सगळे सांगून मोकळा होतो. फसलेल्याबद्दल ‘मूळ काय होते?’ हा प्रश्न शिल्लक राहतो. मारिओच्या चाहत्यांनी २००७ पासून पटकथेचे खर्डे, रेखाटने, प्रेस किट, सेटवरचे सामान आणि काम केलेल्यांच्या मुलाखती गोळा केल्या. हॉलिवूडमध्ये बदललेली पाने दर खेपेला वेगळ्या रंगाच्या कागदावर छापण्याची रीत आहे: पांढरा, निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा. संग्राहक या रंगांवरून कोणता बदल आधीचा आणि कोणता नंतरचा हे लावतात. पुढे त्यांना कच्च्या संकलनाची व्हीएचएस टेप मिळाली. तिच्यातल्या वगळलेल्या प्रसंगांवरून त्यांनी २०२१ साली जवळपास वीस मिनिटांनी मोठी आवृत्ती जुळवली.

नवीन चित्रपटांचे प्रेस किट आता पाकिटातून येत नाही. पूर्वी त्यात काळी-पांढरी छायाचित्रे, स्लाइड आणि टंकलिखित टिपणे असत. नव्वदीच्या उत्तरार्धात सीडी आली, नंतर डीव्हीडीवरचे ‘मेकिंग’. आता सारे फाइलींच्या स्वरूपात काही दिवस उघडे राहते आणि प्रदर्शन सरले की काढून घेतले जाते. ते उतरवून ठेवणाराही खासगी हौशी माणूसच असतो; संस्था बहुधा मागून पोचते. पोस्टरांच्या मूळ प्रती मुंबईच्या चोरबाजारात आजही सापडतात, पण तिथे कोणती छपाई पहिली आणि कोणती नंतरची हे कागदाचा पोत, छपाईची पद्धत आणि खालच्या कोपऱ्यातले छापखान्याचे नाव पाहूनच ठरवावे लागते. फाइलीला असा पोत नाही. तिची तारीख, तिचा आकार आणि ती कोणी पाठवली याची नोंद वेगळी ठेवावी लागते.