विद्येला घातलेले कुलूप

विद्याधन चोराला नेता येत नाही, असे आपण शाळेत मुलांना वर्षानुवर्षे शिकवत आलो. पण संगणकाच्या विद्येत एक काळ असा आला, की विद्यार्थ्याने नुसते वाचायचे म्हटले तरी त्याच्यावरच चोरीचा आळ यावा. त्या पेचातून वाट कशी निघाली, ती हकीकत फराळाच्या ताटाशी बसून ऐकण्याजोगी आहे.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी ‘युनिक्स’ ही आज्ञावली रचायला घेतली. आज्ञावली म्हणजे आपली मुले ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात ते. युनिक्स ही संगणकाच्या घरातली कारभारीणच! कोणते काम आधी, कोणती वस्तू कुठे, हे सारे तिने पाहायचे. ही प्रयोगशाळा एटी अँड टी ह्या दूरध्वनी कंपनीच्या घरातली. १९५६ सालच्या एका न्यायालयीन हुकुमाने त्या कंपनीला दूरध्वनीबाहेरच्या धंद्यांची बंदी होती. त्यामुळे तिने युनिक्स विद्यापीठांना नाममात्र मोबदल्यात, मूळ मजकुरासह देऊ केली. करारावर सही करावी आणि खुशाल वाचावी!

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले अध्यापक जॉन लायन्स ह्यांनी ही संधी साधली. आपल्याकडे मूळ ग्रंथावर टीका लिहितात ना, अगदी तसेच त्यांनी केले. एका पुस्तकात युनिक्सचा मूळ मजकूर आणि दुसऱ्यात त्यावरचे भाष्य, असा हा जोडग्रंथ १९७७ साली तयार झाला. पण १९७९ साली सातवी आवृत्ती निघाली, तेव्हा कंपनीने नव्या करारात अट घातली, की हा मजकूर वर्गात शिकवायचा नाही. मग लायन्सचे पुस्तक झेरॉक्स प्रतींच्या रूपाने हातोहात फिरू लागले. उघड प्रकाशनाची परवानगी मिळून ते १९९६ साली छापले गेले. पुढे दोनच वर्षांनी लायन्स वारले.

त्या प्रती वाचणाऱ्या मुलांना मी मास्तर म्हणून तरी सरसकट चोर म्हणणार नाही. त्यांची भूक खरी होती. पण बाकाखाली लपवलेल्या पुस्तकातली शंका वर्गात उभे राहून विचारता येत नाही. त्यातली चूक सुधारून ते उजळ माथ्याने दुसऱ्याला देता येत नाही. विद्येचे खरे नुकसान ते हेच!

ॲमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातले अँड्रू टॅनेनबाम ह्यांनी कुलूप फोडले नाही. त्यांनी दुसरे घर बांधले. युनिक्सची एकही ओळ न उचलता त्यांनी ‘मिनिक्स’ नावाची नवी आज्ञावली लिहिली आणि १९८७ साली तिचा मजकूर पाठ्यपुस्तकात छापून टाकला. हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी तेच पुस्तक वाचून शिकला, आणि १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने स्वतःची ‘लिनक्स’ जगापुढे ठेवली. पुढच्याच वर्षी तिला त्याने रिचर्ड स्टॉलमन ह्यांच्या परवान्याची अट लावली: वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र दुसऱ्याला देताना हेच हक्क त्यालाही द्या. गंमत अशी, की हा परवाना उभा आहे तो स्वामित्वहक्काच्या कायद्यावरच. ज्या कायद्याने दाराला कुलूप लागले, त्याच कायद्याने दुसरे दार उघडे राहिले.

आपल्या देशात १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीला साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले. जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्यास तुरुंगाची आणि दंडाची तरतूद १९९४ साली झाली. तरीही वसतिगृहातला मुलगा म्हणतो, “सर, सगळेच तसे घेतात.” त्याला मी सांगतो, “आधी विद्यापीठात चौकशी कर. कित्येक आज्ञावल्या विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतात. त्यांच्या अटी मात्र नीट वाच. काही केवळ अभ्यासापुरत्या असतात. तेही नाही जमले, तर खुल्या आज्ञावल्या आहेतच.” मुंबईच्या आय. आय. टी.तील ‘फॉसी’ प्रकल्पाने तर पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे ‘सायलॅब’ ह्या खुल्या आज्ञावलीत विद्यार्थ्यांकडूनच सोडवून घेतली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली.

ते काम पाहताना मला सिडनीच्या त्या मास्तरांची आठवण होते. जे त्यांना वर्गात उघडपणे करू दिले नाही, ते आज आपली मुले करीत आहेत, आणि त्याखाली आपले नावही लिहीत आहेत.