बुऱ्हाणपूरची एक वारसावाटणी

तापीकाठचे बुऱ्हाणपूर मराठी वाचकांस परके नाही. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली ते पेशव्यांकडे आले व पुढे शिंद्यांकडे गेले. तेथील शाही किल्ल्यात जाणारा प्रवासी हमामाची नक्षी पाहतो, मुमताजमहालचे नाव ऐकतो आणि परततो. आम्ही पडलो वकील. आमचे लक्ष तिच्या मृत्यूपेक्षा तिच्या मालमत्तेकडेच अधिक जाते.

१७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहाल बुऱ्हाणपुरास निवर्तली. तिचे शव तापीपलीकडे झैनाबादेस काही महिने ठेवले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते आग्र्यास नेण्यात आले. मागे पती शहाजहान, पिता आसफखान, चार मुलगे व तीन मुली होत्या. पैकी गौहरआरा त्याच बाळंतपणात जन्मलेली. जडजवाहीर धरून बेगमेची मिळकत एक कोटी रुपयांहून अधिक भरली. बादशहाने तिचा अर्धा भाग सतरा वर्षांच्या जहांआरेस दिला आणि उरलेला अर्धा इतर अपत्यांत वाटला.

आता हिशेब पाहावा. हनफी शास्त्राप्रमाणे अपत्ये असता पतीस चतुर्थांश, पित्यास षष्ठांश, आणि मुलास मुलीच्या दुप्पट. पती व पिता यांस बाजूस ठेवून सारी मिळकत मुलांचीच मानली, तरी अकरा भाग होतात व एका मुलीस नऊ लाखांच्या आसपास येतात. जहांआरेस पन्नास लाख मिळाले. तेव्हा हा वारसाहक्क नव्हे, बादशाही मर्जी होय. आईमागे घर सांभाळणाऱ्या थोरल्या लेकीस बापाने झुकते माप द्यावे, हे आम्हांस समजते. पण द्रव्य मुमताजचे होते. रोशनआरेचा आणि त्या तान्ह्या मुलीचा वाटा कोणास विचारून ठरला?

हाच प्रश्न आमच्या धर्मशास्त्रापुढे ठेवला तर मिताक्षरा आईचे स्त्रीधन प्रथम अविवाहित कन्यांस देते. तिघी बहिणी समान वाटेकरी, आणि दारा व औरंगजेब रिकाम्या हाताने परतले असते! १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे उत्तर आणखी निराळे. मृत्युपत्र न करता स्त्री वारली, तर मुलगे, मुली व पती सारखेच वाटेकरी. म्हणजे आठ वारस, प्रत्येकी साडेबारा लाख. तान्ही गौहरआरा व सोळा वर्षांचा दारा एकाच मापाने मोजले जातात.

असे असूनही घरातील कर्त्या माणसाने बाराव्या-तेराव्या दिवशी जे सांगितले, त्यालाच कायदा समजणारी कुटुंबे आम्ही धंद्यात पुष्कळ पाहतो. बहिणी मान डोलावतात, तहसील कचेरीत नामांतरण होते, आणि प्रकरण मिटले असे सर्वांस वाटते. वस्तुतः नामांतरणाने मालकी ठरत नाही; वाट्यावर पाणी न सोडलेल्या बहिणीचा हक्क तसाच उरतो.

कायद्याने ठरलेल्या वाटणीहून निराळे काही करणे असेल, तर ते मालकाने हयातीत मृत्युपत्र करून करावे. स्वतःची सही व दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत. नोंदणी ऐच्छिक आहे. मुंबई शहरात केलेल्या किंवा तेथील स्थावराविषयीच्या हिंदू मृत्युपत्रांस १९२५ च्या कायद्याने प्रोबेटची सक्ती केली होती. बुऱ्हाणपुरात केलेल्या, तेथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्रास ती कधी लागू नव्हती. मात्र तंटा झाला की लेख खरा हे शाबीत करण्याचा भार लाभार्थ्यावरच पडतो. आणि लेख करविण्यात त्यानेच पुढाकार घेतला असेल, तर न्यायालयाचा संशय त्यास आधी फेडावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितले.

आमच्या गोमंतकीय वाचकांस मृत्युपत्रावरची मर्यादाही ठाऊक आहे. तेथे अपत्ये असता आपल्या हिश्शाच्या निम्म्याहून अधिक मनाप्रमाणे देता येत नाही. उरलेला निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो. मुसलमानी शास्त्रात वारसांच्या संमतीवाचून तिसऱ्या हिश्शापलीकडे मृत्युपत्र चालत नाही.

त्या तिसऱ्या हिश्शाची गाठ अखेर जहांआरेशीच पडली. ती १६८१ साली वारली. आपले सारे द्रव्य दिल्लीच्या निजामुद्दीन दर्ग्याच्या सेवेकऱ्यांस द्यावे, अशी तिची इच्छा होती म्हणतात. औरंगजेबाने शास्त्र पुढे केले आणि तिसरा हिस्साच तिकडे जाऊ दिला.