पुढे १५, मागे २६

१९५९ च्या अखेरीस जनरल मोटर्सच्या शेवरले विभागाने ‘कॉर्वेअर’ बाजारात आणली. अमेरिकी बनावटीच्या गाड्यांत ती अगदी वेगळी होती. तिचे सहा सिलिंडरचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन मागे होते आणि ते पाण्याने नव्हे, हवेने थंड होई. १९६२ मध्ये टर्बोचार्जर लावलेली, १५० अश्वशक्तीची ‘मोन्झा स्पायडर’ आली. बेताच्या पैशांत स्पोर्ट्‌स कारची हौस भागवू पाहणाऱ्यांनी तर ही गाडी डोक्यावरच घेतली.

तिच्या माहितीपुस्तिकेत टायरमधल्या हवेचा दाब दिलेला होता. टायर थंड असताना पुढे १५ पौंड आणि मागे २६, तापल्यावर पुढे १८ आणि मागे ३०.

पुढच्या चाकांत इतकी कमी हवा ठेवण्यामागे पक्के कारण होते. इंजिन मागे असल्याने गाडीचे साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर पडे. मागे ‘स्विंग अ‍ॅक्सल’ होता. म्हणजे चाकाचा दांडा गिअरबॉक्सजवळच्या एकाच सांध्यावर वरखाली होई आणि त्याबरोबर चाकही कलत असे. वेगात वळण घेताना गाडीची मागची बाजू उचलली गेली, की बाहेरच्या बाजूचे चाक खालून आत दुमडे, रस्त्यावरची त्याची पकड सुटे आणि मागचा भाग गर्रकन फिरे. सरावलेल्या चालकालाही ती सावरणे कठीण जाई. हे टाळायचे, तर पुढच्या चाकांची पकड आधी कमी व्हायला हवी होती. हवा कमी असलेला टायर बाजूला जास्त वाकतो. मग गाडी वळणात थोडी बाहेर सरकते आणि चालक वेळीच वेग कमी करतो. ११ पौंडांचा तो फरक गाडीच्या सस्पेन्शनचाच भाग होता.

पण ही गोष्ट सांगितली कोणाला? त्या काळी अमेरिकेत पेट्रोल पंपावरचा कामगारच काच पुसायचा, ऑइल बघायचा आणि हवा भरायचा. इतर बहुतेक गाड्यांना चारही चाकांत जवळपास सारखी हवा लागे. पुढच्या टायरमध्ये १५ पौंड दिसले, की हवा उतरली असे समजून तो ती मागच्याइतकी करून द्यायचा. त्याने आपले काम मन लावून केलेले असे, आणि तेवढ्यानेच गाडी धोकादायक होई. पुढे अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचे कलणे रोखणारा दांडा, बसवला असता, तर सुरक्षिततेचा इतका भार हवेवर पडला नसता. तो सगळ्या कॉर्वेअरना मिळायला १९६४ उजाडले. त्याच वर्षी मागे आडवी पाटा-स्प्रिंगही आली आणि १९६५ च्या मॉडेलमध्ये मागचे सस्पेन्शनच बदलले.

नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले. त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्वेअरवर होते आणि त्यात हवेचा मुद्दा ठळकपणे आला होता. गाडीत दोन किंवा अधिक प्रवासी बसले, तर १५ पौंडांवरच्या पुढच्या टायरवर प्रमाणाबाहेर भार येतो, हा आक्षेप सर्वांत बोचरा होता. कंपनीने नेडर यांच्यामागे खासगी हेर लावल्याचे उघड झाले आणि मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. सप्टेंबरमध्ये वाहन सुरक्षा कायदा झाला. त्याखालच्या नियमांनुसार १९६८ पासून टायरचा दाब पुस्तिकेच्या पानांत न ठेवता गाडीतच पट्टीवर लिहिणे सक्तीचे झाले. हवा भरणाऱ्याच्या नजरेसमोर आकडा असणे, ही त्या साऱ्या वादाची सर्वांत उपयोगी कमाई म्हणायला हवी.

कॉर्वेअरचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. १९७२ च्या सरकारी अहवालाने १९६० ते ६३ च्या कॉर्वेअर त्या काळच्या तशाच गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हत्या, असा निर्वाळा दिला. चाहत्यांना तो न्याय वाटतो आणि गाडीपुरता तो असेलही. सगळी भिस्त ज्या आकड्यावर होती, तो ग्राहकाच्या मनावर बिंबवला नाही, हा कंपनीचा दोष मात्र त्याने पुसला जात नाही.

जुन्या कॉर्वेअर जपणारे मालक अमेरिकेत आजही आहेत. मूळच्या क्रॉस-प्लाय टायरच्या जागी त्यांनी रेडियल टायर चढवले आहेत. रेडियलला १५ पौंड फारच कमी पडतात, म्हणून ते पुढची हवा वाढवतात. त्याबरोबर मागचीही वाढवतात, कारण दोन्हींमधला फरक त्यांना राखावाच लागतो.